पर्यटनातलं मनुष्यबळ व्यवस्थापन शिकताना : तारकर्लीच्या रिसॉर्टवरून, नऊ महिन्यांनंतर

गेल्या जुलैत मी दूरशिक्षणातून पर्यटन व्यवस्थापनाच्या डिप्लोमाला नाव घातलं, ते खरं म्हणजे त्यातल्या मनुष्यबळ व्यवस्थापन या एका विषयासाठी. तारकर्लीजवळच्या एका रिसॉर्टवर मला अकरा वर्षं झाली. आधी रिसेप्शनवर होते, गेली तीन वर्षं माणसांचं सगळं माझ्याकडे आहे. भरती, ड्युटी चार्ट, रजा, उचल, भांडणं. १८ खोल्या, एक रेस्टॉरंट आणि हंगामात २६ माणसं. हे काम मला कुणी शिकवलेलं नव्हतं. आधीच्या मॅनेजरनी जाताना एक वही हातात दिली, तिच्यात नावं आणि उचलीचे आकडे होते, बस्स.

कोर्स घ्यावा का, असं ओळखीतल्या दोघीतिघींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पुस्तकं इंग्रजीत आहेत. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, त्यामुळे पहिलं पुस्तक संपायला दीड महिना गेला. शेवटचं चेक-इन झालं की साडेदहानंतर रिसेप्शनच्याच टेबलावर वाचायचे. सुरुवातीची प्रकरणं, म्हणजे व्याख्या, मास्लो या मानसशास्त्रज्ञाची गरजांची उतरंड वगैरे, पाठ करण्यापलीकडे फारशी उपयोगी पडली नाहीत. ती पटकन उरका. खरा कोर्स सुरू होतो तो ‘कामाचं विश्लेषण’ या प्रकरणापासून.

त्यावर एक स्वाध्याय होता. आपल्या जागेवरचं एक पद निवडा आणि ते काम प्रत्यक्षात काय आहे ते लिहा. मी हाउसकीपिंग घेतलं. रविवारी दुपारी खोल्या वेळेत तयार होत नाहीत, पाहुणे लॉबीत ताटकळतात, आणि दोन्ही बायका संथ आहेत असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मीसुद्धा. दिवाळीनंतरच्या एका रविवारी वही आणि घड्याळ घेऊन मी त्या दोघींपैकी एकीच्या, आमच्या काकींच्या, मागे मागे फिरले. चादर, उशा, झाडणं यात त्यांचा हात माझ्यापेक्षा दुप्पट चालतो. मग त्या मोरीपाशी बसल्या. समुद्रावरून आलेल्या पाहुण्यांनी अंघोळ केलेली, जाळीत वाळू घट्ट बसलेली. काकी हेअरपिनने एकेक भोक मोकळं करत होत्या. म्हणाल्या, “गे बाय, ही रेंव काढल्याशिवाय पाणी जाणा नाय. तुमी खोली बघतास, मोरी कोण बघता?”

एका खोलीतली बारा मिनिटं त्या जाळीतच गेली. मोठ्या हॉटेलात एका माणसाने पाळीत १४ ते १६ खोल्या कराव्यात असा मापदंड शिकवतात. आमच्याकडे वाट्याला नऊच येतात, म्हणून काम हलकं आहे असं कागदावर दिसतं. पण रविवारी तेरा-चौदा खोल्या एकदम रिकाम्या होतात आणि दोन तासांत परत भरायच्या असतात. अडचण त्या दोन तासांची होती. चेक-इन बाराऐवजी एक वाजता केलं, रविवारी दहा ते एक एवढ्यापुरती गावातल्या बचत गटाची एक ताई बोलावली आणि बाहेर पाय धुवायचा नळ बसवला. लॉबीतली गर्दी गेली. तीन वर्षं मी काकींना उगाच बोलत होते, याचं मला फार वाईट वाटलं. त्यांना तसं सांगितलंही.

दुसरं प्रकरण माणसं सोडून का जातात याबद्दलचं. जाणाऱ्याशी शांतपणे बसून बोला आणि ते लिहून ठेवा, असं त्यात आहे. आमच्याकडे कुणी निघाला की हिशेब करायचा आणि बसस्टँडवर सोडायचं, एवढाच रिवाज. डिसेंबरच्या सुरुवातीला ओडिशाचा एक स्टुअर्ड, म्हणजे रेस्टॉरंटमधला वाढपी, कामाला चोख मुलगा, निघाला. मी चहा घेऊन त्याच्याजवळ बसले. मला वाटलं पगार वाढवून मागेल. तो म्हणाला, “दीदी, तनख्वाह ठीक है, दिन नहीं मिलता.” ब्रेक शिफ्टबद्दल बोलत होता. सकाळी सात ते अकरा नाश्ता, मग मोकळीक, परत संध्याकाळी सात ते रात्री अकरा. हॉटेल लाइनमध्ये हे सर्रास चालतं. भरतात आठच तास, पण माणूस सोळा तास बांधलेला. दुपारी झोप नाही, बाजार नाही, घरच्यांशी निवांत फोन नाही.

त्या रात्री मी कायद्याचं प्रकरण उघडलं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ तास काम, आणि मधली मोकळीक धरून सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा एकूण पसारा साडेदहा तास, अशी २०२५ च्या दुरुस्तीआधीची मूळ मर्यादा होती. खंडित स्वरूपाच्या कामाला १२ तासांची सवलत होती. आमचे सोळा कुठल्याच हिशेबात बसत नव्हते, आणि तो चार्ट माझ्याच अक्षरातला होता. आता रेस्टॉरंटला सलग पाळ्या आहेत. नाश्त्याचे वेगळे, रात्रीचे वेगळे. त्यासाठी दोन माणसं जास्त घ्यावी लागली. मालकांशी यावर तीनदा बसावं लागलं.

कायद्याच्या याच भागाबद्दल माझी मोठी तक्रार आहे. चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले, आणि माझ्या हातातली पुस्तकं अजून जुन्याच कायद्यांची नावं घोकायला लावतात. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, मिळू शकते, ही आमच्यासारख्यांना सर्वांत लागू पडणारी गोष्ट मला बाहेरून शोधावी लागली. हंगामी आस्थापनेत ग्रॅच्युइटीला वर्षाला पंधराऐवजी हंगामाला सात दिवसांच्या पगाराचा हिशेब असतो, हे १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यापासून आहे. पण पुस्तकात त्यावर एक ओळ. पर्यटनाच्या पुस्तकात हंगामावर एक ओळ! संपर्क वर्गात विचारलं तर “परीक्षेला येत नाही” असं उत्तर मिळालं.

सगळी उदाहरणं पंचतारांकित हॉटेलांची आणि विमान कंपन्यांची आहेत. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. इथलं पर्यटन म्हणजे घरगुती निवास, खानावळी, बोटवाले, स्कूबावाले, छोटी रिसॉर्टं. पावसाळ्यात समुद्रातले खेळ बंद, मग माणसं घरी. गणपतीला गावातला एकही कामगार मागितला तरी मिळत नाही, आणि मिळू नयेच. या गणिताला पुस्तकात जागा नाही, ते तुम्हालाच मांडावं लागतं.

मात्र विमान कंपन्यांचं एक उदाहरण मला आतपर्यंत लागलं. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामावरून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. मनात काहीही असो, चेहरा हसराच ठेवायचा, हेही काम आहे आणि त्यानेही माणूस दमतो. माझे वडील गेले त्याच्या बाराव्या दिवशी मी रिसेप्शनवर हसत उभी होते. त्या थकव्याला नाव आहे हे मला चाळिशीत कळलं. आता कुणाच्या घरी काही झालं असेल तर त्याला आठवडाभर पाहुण्यांसमोर ठेवत नाही, स्टोअरला किंवा किचनला घेते.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवी. आमच्याकडे नव्हती, आता आहे. पाहुण्यापासूनही संरक्षण देणं मालकाची जबाबदारी आहे, हे मी प्रत्येक मुलीला रुजू होतानाच सांगते.

कोर्स कुणी घ्यावा? ज्यांच्या हाताखाली आज माणसं आहेत त्यांनी जरूर. बारावीनंतर थेट घेणाऱ्यांनी आधी एक हंगाम कुठेतरी काम करावं, नाहीतर स्वाध्याय नुसते कॉपी होतात. आणि कायदे ताज्या मजकुरावरूनच वाचा.

परीक्षा जूनमध्ये आहे. त्याआधी मे महिन्यात आणखी एक स्वाध्याय पुरा करायचाय, नवा माणूस घ्यायचा खर्च मांडण्याचा. भाडं, दलाली, युनिफॉर्म, शिकण्यातले दिवस, फुटलेले ग्लास. दरवर्षी जूनमध्ये सोडायचे आणि ऑक्टोबरात नवे शोधायचे, त्यापेक्षा पाच जणांना पावसाळाभर अर्ध्या पगारावर ठेवून रंगकाम, दुरुस्ती आणि प्रशिक्षण करून घ्यावं, असं मी मालकांपुढे ठेवलं. तिघांसाठी ते हो म्हणालेत. उरलेल्या दोघांचा हिशेब घेऊन मी परत जाणार आहे.