पितळी टेंडरखाली केडी ५०० : चाल उत्तम, पण करंटचं आधी बघा

एचओ, म्हणजे १:८७.१ प्रमाणातल्या अमेरिकन वाफेच्या मॉडेल इंजिनाचं पितळी टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) रुळांच्या सांध्यावर वारंवार घसरत असेल, तर केडी या अमेरिकन कंपनीचा ५०० क्रमांकाचा बेटेंडॉर्फ नमुन्याचा ट्रक जरूर लावून पाहावा. (ट्रक म्हणजे चार चाकांची बोगी. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतात, म्हणून इथे ट्रकच म्हणू.) हा मुळात मालडब्याचा ट्रक आहे, त्यामुळे तो छोट्या टेंडरांनाच शोभतो.

साइड फ्रेम, म्हणजे ट्रकच्या दोन बाजूंच्या चौकटी, धातूच्या आहेत आणि स्प्रिंगा खऱ्या आहेत. पण हलक्या टेंडरखाली त्या जेमतेम दबतात. ट्रक नीट चालतो तो दोन्ही साइड फ्रेम वेगवेगळ्या डोलतात म्हणून. एक रूळ किंचित खाली असला तरी चारही चाकं टेकलेली राहतात. वजन मात्र पुरेसं हवं. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या डब्यांसाठीच्या शिफारशीनुसार १ औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे ६ इंची टेंडरला ४ औंस, साधारण ११३ ग्रॅम.

मोठी अडचण करंटची. पितळी इंजिनात सहसा उजव्या रुळाचा करंट इंजिन घेतं आणि डाव्याचा टेंडर. केडीच्या चाकांचे आस प्लास्टिकचे असल्यामुळे ते आहेत तसे लावले तर मोटर फिरणारच नाही. एका बाजूला इन्सुलेट केलेल्या, धातूच्या आसाच्या चाकजोड्या घालाव्या लागतात. इन्सुलेटेड चाकं उजवीकडे ठेवा. एक ट्रक उलटा बसला की थेट शॉर्ट. स्प्रिंगांच्या ढिल्या सांध्यातून करंट नीट वाहत नाही, म्हणून ०.२ मिमी फॉस्फर ब्राँझच्या तारेचा वायपर (घासत राहून करंट घेणारी तार) आसावर टेकवून त्यालाच मऊ वायर जोडा. साइड फ्रेमवर सोल्डर धरत नाही, तिथे वेळ घालवू नका.

बसवताना मागचा ट्रक आडवा डोलणार नाही इतका स्क्रू आवळा, मग पाव फेरा सोडा. तो फक्त वळला आणि पुढेमागे झुकला पाहिजे. पुढचा सगळीकडे मोकळा ठेवा. स्क्रूचं डोकं आणि बोल्स्टर (ट्रकचा मधला आडवा दांडा) यांच्यामध्ये हलकी स्प्रिंग घालून ती निम्मी दाबली की पुरे. पूर्ण दाबली तर ट्रक वळणावर अडतो. दोन्ही ट्रक मोकळे सोडले तर टेंडर झुलतं, दोन्ही आवळले तर घसरतं.

अमेरिकन टेंडरला बहुधा २-५६ या अमेरिकन मापाचे आटे असतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला एम२ स्क्रू त्यात बसल्यासारखा वाटतो, पण तो २.१८ ऐवजी २ मिमीचा असतो आणि त्याचे आटेही वेगळे. तो लावून आटे खराब करू नका.

नंतर टेंडर काचेवर ठेवून प्रत्येक चाकाखालून कागदाची पट्टी ओढा. जिथे ती सहज सुटते ते चाक टेकलेलं नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असली की आवाज देणाऱ्या खुणेवर) ठेवून त्याचं एक टोक टेंडरच्या अंगाला लावा : डाव्या चाकाला आवाज यावा, उजव्याला नाही. सरळ रुळावर ठीक आणि वळणावर शॉर्ट, असं झालं तर चाक टेंडरच्या तळाला लागतंय. तिथे काप्टन टेप (पातळ इन्सुलेटिंग टेप) लावा.

कपलरची (डबे जोडणाऱ्या आकड्याची) उंची शेवटी बघा, रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंत २५/६४ इंच. ३३ इंची (खऱ्या गाडीच्या मापाने) चाकांऐवजी ३६ इंची घातली की टेंडर ०.४४ मिमी वर येतं. टेंडर खाली बसलं असेल तर बोल्स्टरवर फायबरचा वॉशर घाला. निसटलेली स्प्रिंग परत बसवायची असेल तर ट्रक पारदर्शक पिशवीत धरूनच काम करा.