कोकण रेल्वेची रो-रो: गाडीमालकांनी एकदा तरी ट्रक चढवून बघाच

आमच्या गाड्या वडाळ्याहून मंगलोर साइडला टाइल्स आणि सॅनिटरीचा माल नेतात, जरा आदळआपट झाली की तुटफूट आणि पार्टी सरळ भाड्यातून पैसे कापते. म्हणून कोलाड (रायगड) ते सुरतकल (मंगलोरजवळ) रो-रोबद्दल, म्हणजे भरलेला ट्रकच रेल्वेच्या वॅगनवर चढवून नेणाऱ्या सर्व्हिसबद्दल, मनापासून लिहितोय.

कोकण रेल्वेवर रो-रो १९९९ पासून चालू आहे, तरी मुंबईतले बरेच गाडीमालक अजून विचारतात की माल उतरवून परत भरावा लागतो का. अजिबात नाही!! भरलेल्या गाडीचं कोलाडला वजन होतं, उंची मोजतात, मग रॅम्पवरून थेट उघड्या वॅगनवर, हँडब्रेक ओढायचा, चाकांना ठोकळे लावून साखळ्यांनी आवळतात आणि ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून जातात. बोगद्यात काचा वर घ्यायच्या, बाकी निवांत झोप. कशेडी नाही, परशुराम घाट नाही, पावसाळ्यातले खड्डे नाहीत, डिझेल वाचतं, टायर वाचतात आणि ड्रायव्हर पुढच्या टप्प्याला ताजातवाना असतो, मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

पूर्वी मंगलोरी कौलं गलबतांतून मुंबईला यायची, नंतर हायवेने सगळं ट्रकवर आलं. देशभरात स्वातंत्र्यानंतर बहुतेक माल रेल्वेनेच जायचा, पण वॅगनमध्ये भरा, यार्डात उतरवा, परत टेम्पोत चढवा, दर वेळी हमाली वेगळी, ट्रक मात्र गोडाऊनमधून थेट दुकानात नेतो, मग लोक तिकडेच वळणार ना. देशाच्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा २७ टक्क्यांच्या आसपास आला, आता २०३० पर्यंत ४५ टक्के करायचं टार्गेट आहे. माझं स्पष्ट मत, असल्या सर्व्हिस वाढवल्या तरच ते जमेल, कारण यात लांबचा पल्ला रेल्वे मारते आणि ट्रकवाल्याचा धंदाही जात नाही.

चिपळूण-रत्नागिरीच्या मालाला उपयोग नाही, गोवा किंवा त्याच्या पुढचं भाडं असेल तरच परवडतं. उंच भरलेली गाडीही चालत नाही.

पाचपैकी साडेचार.

आणि ताडपत्री, दोऱ्या कोलाडच्या आधीच घट्ट करून घ्या. २०२२ पासून पूर्ण लाइन इलेक्ट्रिक झालीय, वर २५,००० व्होल्टची वायर असते, वॅगनवर गेल्यावर कुणालाही टपावर चढू देऊ नका, ड्रायव्हरला निघतानाच बजावून सांगा.