बर्टिलॉनची मापे की बोटांचे ठसे?

न्यायसहायक विज्ञानाच्या इतिहासावरील प्रकल्पासाठी गुन्हेगार ओळखण्याच्या दोन पद्धतींपैकी बर्टिलॉनचे शरीरमापन निवडावे की बोटांचे ठसे, अशा पेचात पडलेल्या विद्यार्थ्यासाठी ही तुलना.

अचूकता पाहिली, तर पॅरिस पोलिसांत कारकून असलेल्या आल्फॉन्स बर्टिलॉनने १८७९ मध्ये मांडलेली पद्धत मापणाऱ्याच्या हातावर अवलंबून होती. डोक्याची लांबी, डावे मधले बोट, डावे पाऊल अशी अकरा मापे घेताना माणूस बदलला की आकडाही बदले. ठशाला शाई आणि कागद पुरतो.

खरी अडचण हजारो ठशांतून नेमका ठसा शोधण्याची होती. ती कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या कामामुळे सुटली. १०२४ कप्प्यांच्या त्या वर्गीकरणाला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे मिळाले.

घटनास्थळी माप मागे राहत नाही, ठसा राहतो. १८९२ मध्ये अर्जेंटिनात दारावरच्या रक्ताळलेल्या ठशाने मुलांच्या खुनाचा छडा लागला. गंमत म्हणजे १९०२ मध्ये खुद्द बर्टिलॉननेही ठशांवरूनच एक खुनी ओळखला.

पोलिसी नोंदी आणि समोरून व बाजूने काढलेल्या छायाचित्रांचा उगम अभ्यासायचा असल्यास बर्टिलॉन घ्यावा. पुराव्याचा आणि भारतीय योगदानाचा माग काढायचा असल्यास ठसे.