सुया की काढा?

चिनी वैद्यकाच्या दवाखान्यात सुया टोचणं (अ‍ॅक्युपंक्चर) आणि वनस्पतींचा काढा बरेचदा जोडीनेच सुचवतात. पण दोन्हींना एकच माप लावू नये.

सुईचं गणित सोपं आहे. केसापेक्षा थोडी जाड, एकदाच वापरायची निर्जंतुक सुई. वीस-तीस मिनिटांनी काढली की अंगात काही उरत नाही. जुनाट दुखणं, अर्धशिशी, ऑपरेशननंतरची मळमळ यांत उपयोग दिसला आहे. मात्र खोट्या टोचणीशी, म्हणजे टोचल्याचा नुसता भास देण्याशी, तुलना केली की फरक बराच आक्रसतो. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर नको म्हटलं आणि २०२१ मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी विचार करायला हरकत नाही म्हटलं! चुकीच्या हाताने छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, पण असं क्वचितच घडतं.

काढ्याची गोष्ट वेगळी. ते औषधच आहे, म्हणून गुण येतो तसा घातही होतो. चिंगहाओ वनस्पतीतून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या थू योयो यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. पण ते वेगळं काढलेलं, तपासलेलं द्रव्य, घरी उकळलेला पाला नव्हे. उलट १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत भलतीच वनस्पती मिसळली गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. ‘नैसर्गिक’ लेबलवर भिस्त ठेवणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

गुडघेदुखीला मी आधी सुयाच सुचवेन. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा घेऊच नका.