आठ-नऊ महिने एलपी आणि डिजिटल दोन्ही ऐकल्यावर

दिवाळीत टर्नटेबल, म्हणजे एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकड्या) वाजवायचं मशीन घेतलं, आता आषाढ लागलाय, आणि मधल्या काळात घरात रोज काही ना काही वाजलंय, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. बेल्टवर चालणारं साधं मशीन, त्याला सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा वेगळा फोनो प्रीअँप, डिजिटलसाठी जुना लॅपटॉप, डिजिटल सिग्नलचा आवाज करणारा छोटा डॅक आणि दर्जा न घालवता साठवलेल्या फ्लॅक फायली. अँप्लिफायर आणि स्पीकर दोन्हीला तेच.

घ्यायचं कारण म्हणजे आण्णा, माझे आजोबा. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या घरी त्यांच्या चाळीसेक एलपी आणि थोड्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या जुन्या) तबकड्या ट्रंकेत पडून होत्या, बहुतेक सगळं जयपूर घराण्याचं गाणं. आपल्या गावात त्यात नवल नाही, अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याच शिष्या, आणि आण्णा इथल्या देवल क्लबच्या गाण्याच्या बैठका चुकवायचे नाहीत. म्हणजे माझ्याकडं रेकॉर्डी आधी आल्या, मशीन नंतर. हे सांगतोय कारण घरात एकही तबकडी नसताना सगळं नव्यानं घ्यायचा विचार असेल तर माझा सल्ला वेगळा आहे, तेच पैसे चांगल्या स्पीकरात घाला.

आता आवाजाचं. एका गायिकेचा एकच ख्याल आण्णांच्या एलपीवर आणि गाण्यांच्या अ‍ॅपवर लागोपाठ ऐकला, तीन संध्याकाळी, आणि तिन्ही वेळा तेच जाणवलं की एलपीवर तानपुरा आहे आणि अ‍ॅपवर जवळपास नाही. आधी मला वाटलं हीच ती अ‍ॅनलॉगची गोडी. पण तसं नाही. जुन्या टेपची सूं-सूं काढायला डिजिटल करताना नॉइज रिडक्शन जास्त लावलं की तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणकार, त्या खरखरीबरोबरच जाते, कारण दोन्ही बारीक, सतत चालणारी आणि वरच्या पट्टीतली. म्हणजे दोष डिजिटलचा नाही, साफसफाई करणाऱ्याचा. साध्या सीडीला 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ असतं, आवाजाची रेंज, म्हणजे सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठा यातलं अंतर, सुमारे 96 डेसिबल, एलपी त्याच्या आसपासही जात नाही. त्याच गायिकेची दुसरी एक सीडी मी फ्लॅक करून ऐकली, ती कुणी फार घासलेली नाही, त्यात तानपुरा लख्ख आहे आणि खरखर शून्य.

आणि एलपीची एक अडचण आपल्या गाण्याला फार नडते. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला 50 सेंमी खोबण जाते आणि आत लेबलजवळ 21-22 च. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात, म्हणजे विलंबित बाहेर मोकळ्या जागेत आणि द्रुत, ताना, सगळं नेमकं आत जिथं जागा कमी तिथं. माझ्या दोन रेकॉर्डींवर शेवटच्या ताना फाटतात, काट्रिज (सुई धरणारा भाग) नीट बसवल्यावर कमी झालं पण गेलं नाही. एका रागाची तास-सव्वा तासाची मैफल ऐकायची तर डिजिटलच, तिथं वादच नाही.

स्पीड नक्की तपासा बरं का. माझं मशीन नवं असून किंचित जास्त फिरत होतं, सूर वर चढलेला, मला कळलं नाही, आईला कळलं, ती तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून गाते. 180 रेषांची चकती कागदावर छापून प्लेटवर ठेवायची, स्पीड बरोबर असला की 50 हर्ट्झच्या लाइटवर रेषा थांबल्यासारख्या दिसतात. घरातल्या एलईडीखाली दिसेनात, मग देवघरातला पिवळा बल्ब काढून आणला तेव्हा जमलं. खालचा स्क्रू जरा फिरवला, झालं.

पावसाचं मात्र टेन्शन आहे. जूनमध्येच कव्हरांना बुरशी आली. मावशीच्या शाहूपुरीतल्या घरात 2019 च्या महापुराचं पाणी शिरलेलं, तिची कव्हरं लगदा झाली, तबकड्या मात्र धुवून आजही वाजतात, त्यामुळं प्लास्टिकला पाण्याची भीती नाही, कागदाला आहे. आता प्रत्येकीला आतून नवी पिशवी घातलीय आणि सगळ्या उभ्या ठेवल्यात, आडव्या रचल्या की वाकतात. धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. 78 च्या तबकड्यांना स्पिरिट अजिबात लावू नका, त्या लाखेच्या असतात, विरघळतात.

मग मी ऐकतो काय? रोज सकाळी डिजिटल, कामं करत. रविवारी संध्याकाळी आई, मी आणि एक एलपी, बाजू संपेपर्यंत कुणी उठत नाही, आणि त्या वीस मिनिटांत मला जेवढं गाणं कळतं तेवढं आठवडाभरात कळत नाही. पण आण्णांच्या तबकड्या रोज झिजवायच्या नाहीत म्हणून प्रत्येक धुवून, एकदाच वाजवून 24 बिट 96 किलोहर्ट्झला लॅपटॉपवर उतरवतोय, नॉइज रिडक्शन बंद. खरखर राहू दे, तानपुरा राहतो. सतरा झाल्यात, बाकीच्या या पावसाळ्यात करीन. 78 च्यांना जाड सुई लागते, एलपीची चालत नाही, ती आली की केसरबाईंच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या उतरवायला घेणार.