तंबोऱ्यावर नाव कोणाचे लावावे: आडनाव, गाव की नवा शब्द?

मिरजेतील एखादा तरुण कारागीर वडिलोपार्जित कारखान्यातून वेगळा होऊन स्वतःचे तंबोरे आणि सतारी घडवू लागतो, तेव्हा भोपळा कसा पारखावा आणि लाकूड किती मुरलेले हवे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. तो अडतो नावापाशी. घराण्याचे आडनाव लावावे, ‘मिरज’ हे गावाचे नाव पुढे करावे, की संगीतातला एखादा शब्द घ्यावा किंवा नवाच घडवावा, असे पर्याय त्याच्यापुढे असतात. दुकानाच्या पाटीवर तिन्ही सारखेच शोभतात. फरक दिसतो तो वाद्य दुरुस्तीसाठी परत येऊ लागते तेव्हा.

आडनावाची बाजू भक्कम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब या कारागिरापासून मिरजेत हा व्यवसाय रुजला आणि पुढे धंद्यावरूनच ‘सतारमेकर’ हे आडनाव पडले. गवयाला ते नाव ऐकताच अर्धी खात्री पटते. अडचणही त्यातच आहे, कारण हे आडनाव एका घराचे नाही. मी स्वतः हा घोटाळा अनुभवला आहे. माझ्या तंबोऱ्याची खर्जाची तार नीट बोलेनाशी झाली, म्हणून तो जवारीसाठी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून नाद खुलवण्यासाठी, घेऊन गेले. वाद्यावरच्या नावाच्या पट्टीवर केवळ आडनाव होते आणि त्याच आडनावाच्या दोन पाट्या एकाच रस्त्यावर होत्या. मी ज्या दुकानात शिरले ते मूळ कारागिराच्या चुलतभावाचे निघाले. त्यांनी काम मन लावून केले, पण घोडीचा उतार त्यांच्या हाताच्या सवयीने बदलला आणि पूर्वीचा भरीव, लांबत जाणारा नाद पुन्हा तसा ऐकू आला नाही. अशा वेळी कायद्याचाही फारसा आधार मिळत नाही, कारण १९९९ च्या व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायद्यातील कलम ३५ प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरून व्यवसाय करणाऱ्याला आडकाठी करू देत नाही. म्हणून आडनाव लावायचेच असेल, तर त्यापुढे स्वतःचे किंवा आजोबांचे पहिले नाव असावे.

गावाच्या नावाचा मोह समजण्यासारखा आहे, विशेषतः २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून. परंतु मानांकन ही साऱ्या कारागिरांची सामायिक मिळकत आहे. ती एकाच्या नावावर होत नाही. केवळ मालाचे मूळ ठिकाण सांगणारे नाव, दीर्घ वापराने स्वतंत्र ओळख मिळवलेले नसेल, तर व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येत नाही, असे त्याच कायद्याचे कलम ९ सांगते. ‘मिरज म्युझिकल’ अशा धाटणीच्या नावाने दुकान चालेल, पण शेजाऱ्याने उद्या तसेच नाव घेतले तर तक्रारीला जागा उरणार नाही. जपानमधील यामाहाचे उदाहरण येथे बोलके आहे. तोराकुसू यामाहा यांची कंपनी १८९७ मध्ये ‘निप्पोन गाक्की’, म्हणजे ‘जपानी वाद्ये’, या नावाने स्थापन झाली आणि १९८७ मध्ये तिने संस्थापकाचेच नाव धारण केले. देशाचे आणि मालाचे नाव मागे पडले, माणसाचे उरले. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी जरूर करावी आणि ‘मिरज’ हा शब्द अभिमानाने लिहावा, परंतु मुख्य नावाच्या खालच्या ओळीत.

संगीतातील शब्दांबद्दल थोडक्यात सांगता येईल. स्वर, नाद, सूर, सरस्वती हे शब्द गायनाचे वर्ग, पेटीची दुकाने आणि मोबाइलमधील ॲप या सर्वांनी इतके वापरले आहेत की त्यांतून एक कारखाना ओळखणे कठीण झाले आहे. एखाद्या थोर गायकाचे नाव घ्यावेसे वाटले, तर ती व्यक्ती हयात असल्यास तिची आणि निधनाला वीस वर्षे झाली नसल्यास वारसांची संमती व्यापारचिन्ह नोंदवणारे निबंधक मागू शकतात. नव्याने घडवलेला शब्द मात्र नोंदणीला सर्वांत सोपा असतो. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्या पेटीच्या व्यवसायाने ‘द्वारकिन’ असे नाव घेतले. त्यात माणूसही राहिला आणि शब्दही दुसऱ्या कोणाचा झाला नाही. परदेशी ग्राहक अपेक्षित असतील, तर नावात ‘ळ’ टाळलेला बरा, कारण रोमन लिपीत त्याचा ‘ल’ होतो.

माझे मत स्पष्ट आहे. तंबोरा एकदा विकून हातावेगळा होत नाही. वाजून वाजून तारा घोडीवर बारीक खाचा पाडतात, मग कारागीर कानशीने तो पृष्ठभाग पुन्हा घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि नाद उघडेपर्यंत कान लावून बसतो. हे काम ज्याने पहिल्यांदा केले त्याच्याकडेच वाद्य परत जावे, एवढे सामर्थ्य नावात हवे. म्हणून जो स्वतः जवारी काढतो, त्याने आपले पूर्ण नाव लावावे. वेगवेगळ्या घरांतील चार भागीदार मिळून विद्यार्थ्यांसाठी वाद्ये करणार असतील, तर घडवलेला शब्द योग्य ठरेल.

नाव ठरल्यावर पाटी रंगवण्यापूर्वी व्यापारचिन्हांच्या सरकारी संकेतस्थळावर वाद्यांच्या, म्हणजे पंधराव्या, वर्गात ते शोधून पाहावे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. भावाभावांत कारखान्याची वाटणी होत असेल, तर हत्यारे आणि लाकूड यांच्या यादीतच नाव कोणाकडे राहणार, हेही लिहून सह्या घ्याव्यात आणि दुसऱ्याने आपल्या वाद्यावर काय लिहावे तेही त्याच कागदावर ठरवावे.