बाबांची सहा मेडलं आणि कामठीचं एक दुकान

घरातल्या कुणाची मेडलं माउंट करून फ्रेम करायची असतील तर सरळ कामठी गाठा. छावणीच्या बाजारात वर्दी शिवणाऱ्यांचं एक जुनं दुकान आहे, तिथे. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रोने जायचं, पुढे ऑटो मिळतो. मी आधी नागपुरातच काम उरकायला गेले आणि एक मेडल बिघडवून घेतलं.

बाबा लष्करात, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे. 1971 च्या सुरुवातीला कमिशन मिळालं आणि त्याच डिसेंबरात पश्चिमेच्या आघाडीवर होते. दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या काळ्या ट्रंकेत, जिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर लिहिलेला आहे, त्यात एका बिस्किटाच्या डब्यात सहा मेडलं निघाली. फिती कुजलेल्या, एकीला कसर लागलेली. आई म्हणाली, भिंतीवर लावू या, रोज दिसतील.

शहरातल्या एका दुकानात नमुना म्हणून मी एकच मेडल दिलं. दोन दिवसांनी परत मिळालं ते आरशासारखं चकचकीत. मला आनंदच झाला. घरी आणून आईच्या हातात दिलं. आईने ते कडेने फिरवलं, चष्मा लावला, पुन्हा फिरवलं आणि म्हणाली, "नाव कुठे गेलं?"

मला माहीतच नव्हतं. गोल मेडलांच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. पॉलिशच्या मशीनवर धरलं की ती अक्षरं झिजतात. दिलं होतं ते नेमकं संग्राम मेडल, 1971 च्या युद्धाचं. आता त्यावर बाबांचा नंबर अर्धा वाचता येतो आणि नावाची फक्त शेवटची दोन अक्षरं. त्या दुकानदाराने मुद्दाम केलं नाही, पण त्याने विचारलंही नाही. आणि मी सांगितलंही नाही.

कामठीच्या काकांनी (सत्तरीचे असतील, सगळे त्यांना मास्टरजी म्हणतात) ते मेडल हातात घेतलं आणि लगेच विचारलं, "ताई, हे मशीनवर कोणी धरलं?" मी म्हटलं, पुन्हा कोरून द्याल का? एवढं काम त्यांना सहज आलं असतं, पैसेही मिळाले असते. ते म्हणाले, "कोरून देईन, पण मग ते माझ्या हातचं नाव होईल. साहेबांना सरकारने दिलेलं नाही राहणार. जेवढं उरलं तेवढं राहू द्या." याच एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

मी घरून मेडलं दिसायला छान वाटतील तशी मांडून, फोटो काढून नेली होती. त्यांनी फोटोकडे पाहिलंच नाही. काउंटरवर एक मऊ सुती कापड अंथरलं आणि भराभर लावली: पश्चिमी स्टार (पश्चिम आघाडीचा) पहिला, मग संग्राम, मग सैन्य सेवा, मग स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांचं, मग वीस वर्षांच्या सेवेचं, शेवटी नऊ वर्षांचं. हा मानाचा क्रम असतो, तो मोडायचा नसतो. मग म्हणाले, "उलटीकडून वाचा, साहेबांची नोकरी दिसेल." नऊ वर्षांच्या मेडलाच्या कडेवर कॅप्टन. वीस वर्षांच्या मेडलावर लेफ्टनंट कर्नल. आणि संग्रामवर, आईला पाठ आहे म्हणून सांगते, सेकंड लेफ्टनंट होतं.

नऊ वर्षांचं मेडल मिळालं तेव्हा मी चार वर्षांची होते. त्या चार वर्षांत बाबा आमच्याबरोबर किती दिवस राहिले असतील ते रजेच्या हिशेबाने मोजता येतं. फील्ड पोस्टिंगला कुटुंब नेता येत नसे. आई आम्हा दोघी बहिणींना घेऊन प्रतापनगरात राहायची आणि बाबांचा पत्ता म्हणजे 56 एपीओ किंवा 99 एपीओ (लष्कराचं टपाल कार्यालय), एवढाच. ते नेमके कुठे आहेत हे आम्हाला कधी कळायचं नाही. पण दर आठवड्याला आंतरदेशीय पत्र यायचं. आईसाठी वरचा भाग, आणि खालच्या घडीवर आमच्यासाठी तीन गणितं. उत्तरं आम्ही पाठवायचो, पुढच्या पत्रात ती तपासून यायची. चूक असेल तर तिथे गोल, आणि "पुन्हा कर, घाई नाही."

वार्षिक रजा ते मे महिन्यातच घ्यायचे. लोक मेमध्ये नागपूर सोडून पळतात, आणि हा माणूस जीटी एक्सप्रेसने थंड डोंगरातून पंचेचाळीस डिग्रीत उतरायचा, कारण आमच्या सुट्ट्या तेव्हा. पहिलं काम कूलरचं. खस बदलायची, टाकी घासायची, आणि पाणी भरायची ड्युटी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवायची. त्यात स्वतःचं नाव पहाटे पाचला. परत जाताना मेससाठी संत्रा बर्फीचे डबे.

मास्टरजींनी मेडलं पुसता पुसता एक प्रश्न विचारला, त्याने मी हलले. "पन्नास वर्षांचं नाही दिसत. साहेब सत्त्याण्णवच्या आधी निघाले का?" स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं मेडल 1997 मध्ये नोकरीत असलेल्यांना मिळालं. नसलेल्या मेडलावरून त्यांनी ओळखलं. हो, बाबांनी 1994 मध्ये पेपर टाकले. आईचा संधिवात तेव्हा इतका वाढला होता की तिला पळी धरता येत नव्हती. पुढचं प्रमोशन बोर्ड तोंडावर होतं म्हणे, पण ते आम्हाला त्यांच्या एका कोर्समेट काकांकडून कळलं, बाबांकडून कधीच नाही. तेव्हापासून शेवटच्या आजारपणापर्यंत आईची वेणी रोज सकाळी बाबा घालायचे. पेडाची, घट्ट, एक केस बाहेर नाही.

आता कामाबद्दल. त्यांनी कोर्ट माउंट केलं आहे, म्हणजे फीत मेडलाच्या मागून खालपर्यंत नेऊन कडक पट्टीवर शिवलेली असते. मेडलं लोंबकळत नाहीत, एकमेकांवर आपटत नाहीत. शिलाई हाताची, मागून पाहिली तरी गाठ दिसत नाही. फिती नव्या लावल्या आणि जुन्यांचे तुकडे न मागता पाकिटात घालून परत दिले. सैन्य सेवा मेडलाचा "हिमालय" क्लास्प (फितीवरची धातूची पट्टी) एका बाजूने सुटला होता, तो बसवला. पॉलिश अजिबात नाही, फक्त कोरड्या कापडाने पुसलं. थोडा काळपटपणा राहिला आहे आणि तो तसाच राहू द्या, असं ते मला तीनदा म्हणाले.

मला फ्रेममध्ये बाबांचं एक पत्रही हवं होतं, गणितांचं. त्यांनी अस्सल पत्र लावायला नकार दिला. उजेडाने शाई उडते, साध्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो. रंगीत प्रत काढून आणायला लावली आणि अस्सल पत्र ट्रंकेतच ठेवा म्हणाले. काच मेडलांपासून चांगली बोटभर लांब आहे.

तक्रार एकच. बारा दिवस सांगितले आणि तेवीस लागले. दोनदा फोन करावा लागला, दोन्ही वेळा "फीत यायची आहे" हेच उत्तर. फ्रेम 15 ऑगस्टच्या आत हवी होती, मिळाली नाही. तुम्हाला तारीख गाठायची असेल तर महिनाभर आधी द्या. फ्रेमसकट चार हजार दोनशे रुपये झाले, आणि मला ते जास्त वाटले नाहीत. जाताना मेडलं एकाच डब्यात खुळखुळत नेऊ नका, एकेक सुती कापडात गुंडाळा. आणि निघण्याआधी प्रत्येकाच्या कडेचा फोटो काढून ठेवा.

फ्रेम कुठे लावायची यावर घरात चर्चा झाली. माझं म्हणणं होतं, हॉलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल. आईने आतल्या खोलीत आरशाच्या बाजूची जागा दाखवली, जिथे ती वेणीला बसायची. तिथेच लावली. हल्ली वेणी मी घालते. सैल होते, ती काही बोलत नाही, पण मधूनच हात मागे नेऊन पेड चाचपून बघते.